वतनाच्या जमिनीचे कागद शोधायला निघालाय? मग हे वाचा

इतिहासात एमए केलं तेव्हा वाटायचं आपण पेशवाईतच रमणार. निघालं भलतंच. गेली सहा वर्षं पुण्याच्या आसपासच्या गावांतल्या महार वतनाच्या जमिनींचे कागद शोधतोय, ज्यांची जमीन गेली त्यांना दावा तरी लावता यावा म्हणून. नवीन पोरं विचारतात सुरुवात कुठून करू, म्हणून लिहितोय.

आधी कायदा डोक्यात बसवा. गावकीची कामं करायची आणि त्याबदल्यात जमीन, हे १८७४ च्या वतन कायद्यात होतं, बाबासाहेबांनी १९२८ ला त्याच्या दुरुस्तीचं बिल मुंबई कौन्सिलात मांडलं, पण ही वतनं खालसा झाली १९५८ च्या कायद्यानं. मग जमिनी रिग्रँट झाल्या, म्हणजे त्याच घरांना परत दिल्या, त्या नवीन शर्तीवर, म्हणजे परवानगीशिवाय विकायच्या नाहीत. तरी हातोहात गेल्याच.

आजचा सातबारा घेऊन काही कळत नाही. जुना, हातानं लिहिलेला काढा, त्यात नाव कंसात गेलेलं दिसेल आणि शेजारी गोलात फेरफार नंबर, म्हणजे नाव बदललं त्या नोंदीचा नंबर, तो धरून मागं जायचं, मग त्याच्याही मागचा, असं करत करत. बरेच स्कॅन 'आपले अभिलेख' या सरकारी वेबसाइटवर मिळतात, नाहीतर तहसीलला नकलेचा अर्ज, आणि 'फाइल सापडत नाही' ऐकलं की माहिती अधिकार, १० रुपये आणि ३० दिवस. मोडी शिकाच, त्याशिवाय जुन्या कागदांपुढं आपण अडाणीच.

पहिल्या वर्षी मी माती खाल्ली. एका घरी सातबाऱ्यावर आजोबांचं नाव बघून 'जमीन तुमचीच' म्हणून मोकळा झालो, त्यांनी पेढे वाटले, आणि नंतर नीट बघतो तर नाव इतर हक्काच्या रकान्यात, मालक नाही तर कूळ म्हणून! परत त्या दारात जायला दोन महिने लागले. तेव्हापासून रकाना बघितल्याशिवाय तोंड उघडत नाही.

शहरातल्या घरांचं काम करायचं असेल तर १२ जुलै १९६१ पासून सुरू करा, पानशेत धरण फुटून पुण्यात पूर आला त्या दिवसापासून. पूरग्रस्तांच्या वसाहतीत जुन्या भाडेपावत्या अजून निघतात.

आणि कागद घरातून हलवायचा नाही, तिथंच उजेडात फोटो काढायचा. एका आजींच्या पत्र्याच्या पेटीत साडीच्या पिशवीत जुडीची पावती निघाली, पिवळी पडलेली, घडीवर फाटलेली. जुडी म्हणजे वतनाच्या जमिनीवरचा सारा, म्हणजे जमीन वतनाची होती हे त्या चिठोऱ्यावरनं दिसतं, आणि सुनेनं ती रद्दीत दोनदा काढली होती. प्रकरण अजून प्रांतांकडं आहे. परवा आजींचा फोन, "पावती नीट ठेवलीयेस ना रे?" म्हटलं आजी, ती तुमच्याच पेटीत आहे, माझ्याकडं फोटो. "थांब मग, बघते उठून," म्हणाल्या.