बर्फातून समुद्रापर्यंत : तंबूसह मोटारप्रवासाची आखणी

बर्फाळ डोंगर ओलांडून समुद्रकिनारी पोहोचायचे, तर एकाच गाडीत दोन प्रवासांची तयारी भरावी लागते. उंची दर १००० मीटरने वाढली की हवेचे तापमान सरासरी साडेसहा अंशांनी घटते. म्हणजे ३००० मीटर उंचीची खिंड आणि किनारा यांच्यात सुमारे वीस अंशांचा फरक पडतो. हे अंतर गाडी एका दिवसात काटू शकत असली, तरी तसे करू नये, असे माझे ठाम मत आहे. थकलेल्या चालकाने लांबलचक उतार अंधारात उतरणे हा या प्रवासातला सर्वांत मोठा धोका असतो, म्हणून बर्फाची रेषा संपल्यावर आणि किनारा येण्याआधी एक मुक्काम आखूनच ठेवावा.

निघण्यापूर्वी रेडिएटरमधले शीतक तपासावे. पाणी आणि ग्लायकॉल निम्मे-निम्मे असलेले मिश्रण उणे ३५ अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाही. नुसते पाणी मात्र गोठताना फुगते आणि इंजिनालाच तडा देऊ शकते. थंडीत बॅटरीची ताकद कमी होते आणि टायरमधला दाबही उतरतो, त्यामुळे सकाळी गाडी हलवण्याआधी, टायर थंड असतानाच दाब मोजावा. बर्फासाठीच्या साखळ्या इंजिनाचा जोर ज्या चाकांवर येतो त्या चाकांना लावायच्या असतात, आणि त्या एकदा तरी घरी कोरड्या जमिनीवर लावून पाहाव्यात. मी तसे न करता निघालो होतो आणि रस्त्याच्या कडेला, बधिर बोटांनी, विजेरी दातांत धरून पाऊण तास झटत राहिलो. ती रात्र मी विसरलेलो नाही. साखळ्या, फावडे आणि हातमोजे दाराजवळ ठेवावेत, आणि किनाऱ्यावर लागणारे सामान तळाशी जावे.

उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवून वेग इंजिनाच्या आधारे रोखावा, कारण सतत दाबून ठेवलेले ब्रेक तापतात आणि नेमके हवे तेव्हा पकड सोडतात. सावलीतली वळणे आणि पूल यांवर बर्फाचा पारदर्शक थर दिसत नाही, पण असतो. पुलाला खालूनही गार हवा लागत असल्यामुळे तो रस्त्याच्या आधी गोठतो.

बर्फावर तंबू ठोकण्यापूर्वी जागा पायांनी तुडवून घट्ट करावी आणि अर्धा तास तशीच सोडावी, म्हणजे ती कडक होते. साध्या खुंट्या भुसभुशीत बर्फात टिकत नाहीत. त्याऐवजी एका कापडी पिशवीत बर्फ ठासून भरावा, तिच्या मध्याला तंबूची दोरी बांधावी, दोरीच्या ओढीला आडवी येईल अशा बेताने हातभर खोल खड्ड्यात ती पुरावी आणि वरून बर्फ दाबून बसवावा. थोड्या वेळाने दोरी ओढून पाहिली, तर पिशवी जागची हलत नाही. याच पिशव्या पुढे किनाऱ्यावर वाळू भरून वापरता येतात, म्हणून मला त्या महागड्या खुंट्यांपेक्षा मोलाच्या वाटतात.

शरीराची ऊब जमीन वेगाने शोषून घेते, म्हणून झोपण्याच्या पिशवीइतकीच काळजी खालच्या गादीची घ्यावी. पाण्याची बाटली झाकण घट्ट लावून उलटी ठेवावी. बर्फ वरच्या बाजूने धरत असल्याने तोंड मोकळे राहते. निव्वळ ब्यूटेनचा गॅस शून्य अंशाच्या आसपास वायुरूप होईनासा होतो, त्यामुळे प्रोपेन मिसळलेला डबा न्यावा. एक नियम मात्र कोणत्याही परिस्थितीत मोडू नये : उबेसाठी तंबूत किंवा बंद गाडीत चूल पेटवू नये, आणि धूर सोडणारी नळी बर्फात बुजलेली असताना इंजिन चालू ठेवू नये. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो जागे करत नाही.

मधल्या मुक्कामी तंबू आणि झोपण्याच्या पिशव्या पूर्ण वाळवाव्यात, कारण डोंगरावर श्वासाची वाफ त्यांत मुरलेली असते आणि दमट किनाऱ्यावर ती सहज सुकत नाही.

किनाऱ्यावर शेवाळ आणि काटक्यांची जी ओळ दिसते, ती अलीकडच्या भरतीची खूण असते. तंबू तिच्या बराच वर लावावा. बहुतेक किनाऱ्यांवर साधारण साडेबारा तासांनी पुन्हा भरती येते, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी अधिक वर चढते, तेव्हा तिथी पाहूनच जागा निवडावी. वारा ज्या बाजूने येतो, तिच्या विरुद्ध बाजूला तंबूचे दार ठेवावे. गोठलेल्या रस्त्यांवर पुष्कळ ठिकाणी मीठ टाकलेले असते आणि त्यात समुद्राच्या खाऱ्या हवेची भर पडते, त्यामुळे परतल्याबरोबर गाडीचा तळ, चाकांच्या कमानी आणि साखळ्या गोड्या पाण्याने धुऊन, साखळ्या वाळवून मगच पिशवीत भराव्यात.