फॉरवर्ड आलेला व्हिडिओ वर्गात कसा तपासून घ्यावा

आठवी-नववीच्या वर्गात माध्यमसाक्षरता शिकवताना व्याख्या लिहून देण्याऐवजी खऱ्या घटनेपासून सुरुवात करावी. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने भटक्या समाजातील पाच निरपराध माणसांना ठार मारले. त्या काळात देशभर फिरलेली, मूल पळवताना दाखवणारी एक चित्रफीत मुळात कराचीतील बालसुरक्षेच्या जनजागृतीसाठी बनवलेली होती आणि तिचा मूल परत आणून देण्याचा शेवट कापलेला होता. हे सांगितल्यावर लगेच पुढे जाऊ नये. मुलांना प्रश्न विचारू द्यावेत.

मग एखाद्या व्हिडिओचे स्थिरचित्र घेऊन ते गूगल लेन्सवर शोधायला लावावे. मुले पहिल्याच निकालावर थांबतात, म्हणून सर्वांत जुनी तारीख, दुकानाच्या पाटीवरील लिपी आणि गाडीची नंबरप्लेट वहीत टिपून घ्यायला सांगावे.

खासगीपणासाठी पालकांच्या मोबाइलमधील अ‍ॅपना दिलेल्या परवानग्या घरी त्यांच्यासोबत बसून पाहण्याचा गृहपाठ द्यावा: टॉर्चच्या अ‍ॅपला संपर्कयादी कशाला हवी? गणवेशावरील शाळेचे नाव दिसणारा फोटो स्टेटसला ठेवू नये. आर्थिक फसवणूक झाल्यास न घाबरता घरी सांगून तत्काळ १९३० या सायबर फसवणुकीसाठीच्या राष्ट्रीय मदतक्रमांकावर फोन करावा, हे मुलांकडून पाठ करून घ्यावे.