‘उचित’ म्हणजे फुकट नव्हे: कायद्याच्या सरकारी कार्यालयात जनसंपर्क सांभाळताना या चुका टाळा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर कोर्टाच्या आवारात एक मावशी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. हातात आमचंच पत्रक, घड्या घालघालून मऊ झालेलं. मुलीच्या पोटगीसाठी आली होती. एका ओळीवर बोट ठेवून म्हणाली, “मॅडम, उचित मदत देणार म्हणून लिवलंय. तुम्ही उचित तेच करणार की ओ, त्यात काय. पण वकिलाची फी किती पडंल तेवढं सांगा.”

पत्रक माझ्या सहीनं गेलं होतं. वर्तमानपत्रातली नोकरी सोडून मी एका सरकारी कायदाविषयक कार्यालयात जनसंपर्काची प्रमुख म्हणून रुजू झाले, त्याला तेव्हा चार महिनेही झाले नव्हते. कन्नडमध्ये ‘उचित’ म्हणजे फुकट. ‘उचित कानूनु नेरवु’ म्हणजे मोफत कायदेशीर मदत. मूळ मजकूर कन्नड, त्यावरून मराठी केलेलं, आणि करणाऱ्याला दोन्ही भाषा घरच्या. म्हणूनच तर शब्द कुठं अडला नाही. पत्रकातून नेमकं ‘मोफत’ तेवढं गळालं आणि कोणाच्या डोळ्याला खुपलं नाही, माझ्यासुद्धा.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, अथणी या पट्ट्यात हे काम करणाऱ्यांसाठी पुढचं लिहिते आहे. कार्यालयाचं नाव राहू दे. चुका बहुतेक माझ्याच आहेत.

ओळखीचा शब्दच दगा देतो

अनोळखी शब्दाची भीती नसते, तो कोणीतरी विचारतोच. घात करतात ते दोन्ही भाषांत सारखे दिसणारे संस्कृत शब्द. कन्नडमध्ये ‘अवकाश’ म्हणजे संधी. आमच्या एका मसुद्यात ‘अर्ज करण्यास अवकाश आहे’ असं आलं होतं. मराठी माणूस याचा अर्थ काय घेणार? अजून वेळ आहे, सावकाश या. ‘राजी मूलक इत्यर्थ’ हे कन्नडमध्ये अगदी स्वच्छ आहे: तडजोडीनं निकाली काढणं. मराठीत ‘राजीमूलक इत्यर्थ’ वाचून कीर्तनकार खूश होईल, पक्षकार नाही. ‘अनुमान’ तिकडं संशय, इकडं तर्क. दिल्लीहून हिंदी साहित्य येतं तेव्हा तर आणखी मजा. तिकडची ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण. ‘मोफत कायदेशीर शिक्षा’ असं छापलं तर शिबिराला कोण येईल?

दुरुस्ती सोपी आहे, फक्त वेळ मागते. भाषांतर तपासायला भाषांतर करणाऱ्यालाच देऊ नका. कन्नड मजकूर ज्यानं पाहिलेलाच नाही अशा माणसाच्या हातात नुसतं मराठी द्या आणि विचारा: पैसे लागतात का? कुठं जायचं? कधी? बरोबर काय न्यायचं? यातलं एक जरी उत्तर अडखळलं तरी मजकूर परत लिहायचा. मी हे आमच्या कॅन्टीनमधल्या काकूंवर करायचे. त्या आधी वैतागायच्या, पुढं पुढं स्वतःच हाक मारू लागल्या, “आणा बघू, आज काय घोळ घातलाय?”

त्याहून बरं म्हणजे मराठी मजकूर कन्नडवरून करूच नये. दोन्ही एकाच टिपणावरून वेगवेगळे लिहावेत. आमच्या साहेबांना हे पटायला वर्ष लागलं, कारण फाईलवर ‘मूळ प्रत’ आणि ‘भाषांतरित प्रत’ असे दोनच रकाने होते.

उलट बाजूची चूकही होते. कोणीतरी हुशारीनं पुण्या-मुंबईचं शासकीय मराठी उचलून आणतो. मग ‘सातबारा’ येतो. इथला शेतकरी उतारा म्हणतो, नाहीतर पहाणी. जिल्हाधिकारी कार्यालय त्याच्या तोंडी डीसी ऑफिस असतं. लोकांच्या तोंडचा शब्द आधी, सरकारी शब्द लगेच त्याच्यामागे, असं लिहिलं की दोघंही भांडत नाहीत.

बातमीत आधी पाहुणे, मग माणूस

नऊ नोव्हेंबरला राष्ट्रीय विधी सेवा दिन असतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा, पण लागू झाला ९ नोव्हेंबर १९९५ ला, म्हणून ती तारीख. त्या दिवसाची आमची प्रेसनोट म्हणजे लग्नपत्रिका असायची. दीपप्रज्वलन कोणी केलं, स्वागत कोणी केलं, व्यासपीठावर कोण कोण होतं, आभार कोणी मानले. कायद्याच्या कलम १२ प्रमाणे कोणाला वकील मोफत मिळतो ते तळाच्या परिच्छेदात. वर्तमानपत्रात कात्री तळापासूनच चालते, हे मला तरी माहीत असायला हवं होतं.

वरती हे हवं: स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्न किती का असेना, वकील मोफत. अनुसूचित जाती-जमाती, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार, कोठडीत असलेली माणसं, आपत्तीत सापडलेले यांनाही. बाकीच्यांसाठी राज्यानं ठरवलेली उत्पन्नाची मर्यादा आहे. ती बदलते, म्हणून आकडा छापण्याआधी चालू परिपत्रक उघडून बघायचं. आणि १५१०० हा मोफत कायदेशीर मदतीच्या हेल्पलाईनचा क्रमांक ठळक. पाहुण्यांची नावं फोटोओळीत द्यावीत. पाहुणे फोटोच बघतात.

नाव गाळलं म्हणजे ओळख लपली नाही

ही चूक छापून गेली नाही, पण आठवली की अजून पोटात गोळा येतो.

पीडितांना नुकसानभरपाई देण्याची योजना असते आणि रक्कम ठरवण्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा भाग असतो. एका अल्पवयीन मुलीला भरपाई मंजूर झाली. ‘यशोगाथा’ म्हणून बातमी द्यावी अशी सूचना वरून आली. मसुदा तयार झाला. मुलीचं नाव नव्हतं, गावाचंही नव्हतं. होतं ते असं: जंगलालगतचं छोटं गाव, दहावीतली मुलगी, वडील दूध डेअरीवर, घटना गणपतीच्या सुमाराची. गाडीत बसल्या बसल्या मी तो मोठ्यानं वाचत होते. आमचे ड्रायव्हर मामा आरशात बघत म्हणाले, “हे आमच्या पलीकडच्या गावच्या पोरीचं न्हवं?”

गाडी थांबवून मी कागद फाडला. कागद फाडून काय होतं म्हणा, कॉम्प्युटरवर होताच.

कायदा इथं स्पष्ट आहे. पॉक्सोचं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याचं, कलम २३, बाल न्याय कायद्याचं कलम ७४, भारतीय न्याय संहितेचं कलम ७२: ओळख पटेल असा कोणताही तपशील नको. आपण मात्र ‘ओळख’ म्हणजे नाव एवढंच धरून बसतो. पाच-सहाशे उंबऱ्यांच्या गावात बापाचा धंदा आणि मुलीची इयत्ता सांगितली की आडनाव सांगायची गरजच उरत नाही. नंतर मी असं ठरवलं: गाव, शाळा, इयत्ता, पालकांचा व्यवसाय, सण किंवा महिना, यातलं काहीही जाणार नाही. ठिकाण म्हणून फक्त जिल्ह्याचं नाव. पाठमोरा फोटोही नाही, कारण गणवेशाचा रंग आणि रिबीन गावाला पाठ असते. आणि चेक देतानाचा फोटो? असल्या प्रकरणात तो विषयच बैठकीत काढू द्यायचा नाही.

याच जातीची एक रोजची चूक: कर्मचाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अर्जाचा फोटो टाकून ‘हे कोणाकडे द्यायचं?’ असं विचारणं. ते बंद करा. टोकन नंबर टाका.

न्यायप्रविष्ट, न्यायप्रविष्ट, न्यायप्रविष्ट

वार्ताहरानं काहीही विचारलं की हा एक शब्द तोंडावर फेकायचा, ही आपली जुनी सवय. चालू खटल्याच्या गुणदोषांवर बोलायचं नाही हे खरंच. पण पुढची तारीख, खटला कोणत्या टप्प्यावर आहे, कायद्यात पुढची पायरी कोणती, हे सांगायला कोणाची हरकत आहे? न्यायालयीन कामकाजाचं रास्त आणि अचूक वृत्त हा अवमान होत नाही, असं १९७१ च्या न्यायालय अवमान कायद्यातच लिहिलंय. आपण तोंड मिटलं की वार्ताहर कोर्टाबाहेरच्या चहाच्या टपरीवरून बातमी उचलतो, आणि टपरीला अवमानाचं भय नसतं.

एका प्रश्नावर मात्र खरोखर गप्प बसायचं. सीमाप्रश्नाचा महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. शिबिरात कोणीतरी माईक घेऊन विचारतोच. हसू नका, मान डोलावू नका, ‘वैयक्तिक मत’ तर मुळीच देऊ नका. दुसऱ्या दिवशी ते वैयक्तिक उरत नाही.

भाषेच्या वादात नोटीस सापडू देऊ नका

कर्नाटकाची राजभाषा कन्नड आहे, १९६३ चा कायदा आहे, तेव्हा कन्नड वर आणि ठळक. यात हुज्जत नको. त्याचबरोबर जिथं भाषिक अल्पसंख्याक १५ ते २० टक्के आहेत तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही निघाव्यात, हे १९५६ मध्येच देशपातळीवर ठरलेलं आहे. मराठी प्रत मागताना मी कधी भावनेची भाषा केली नाही. नोटीस कळली नाही म्हणून माणूस तारखेला आला नाही तर प्रकरण किती वेळा पुढं ढकललं जातं, तेवढं दाखवलं. साहेब कन्नडिग होते, सही लगेच झाली.

बारीक गोष्टी इथं मोठ्या होतात. १ नोव्हेंबरला राज्योत्सव, म्हणजे कर्नाटकाचा स्थापना दिन असतो आणि बेळगावात त्याच दिवशी मराठी माणसं काळा दिनही पाळतात. त्याच्या आगेमागे भाषेशी संबंधित काहीही प्रसिद्धीला देऊ नये. शहराचं अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी आहे, ते लेटरहेडवर आहे तसं असू द्या. मराठी पेपर ‘बेळगाव’ छापतील. फोन करून दुरुस्ती मागायला जाऊ नका. मी गेले होते एकदा. त्या आठवड्यात आमची एकही ओळ कुठं छापून आली नाही.

निपाणीचा वाचक कोल्हापूरची बातमी वाचतो

ही अडचण बंगळूरच्या लोकांना कधीच कळली नाही. निपाणी, चिक्कोडी, कागवाडकडं कोल्हापूर-सांगलीच्या बातम्या घरात येतात. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, तेव्हा निपाणीतल्या कितीजणांना वाटलं असेल की आता धारवाडची खेप वाचली! ती वाचत नाही. जिल्हा कर्नाटकात, तेव्हा उच्च न्यायालय कर्नाटकाचं आणि खंडपीठ धारवाडचंच. महाराष्ट्रातली कोणतीही मोठी न्यायालयीन बातमी आली की दोन दिवसांत ‘आपल्या जिल्ह्याला हे लागू आहे का?’ अशी चार ओळींची सूचना आपण काढली पाहिजे. कोणी विचारायची वाट बघू नये.

लोकअदालतीचं अर्धं सांगणं

‘झटपट निकाल, कोर्ट फी परत’ हे आपण मोठ्यानं सांगतो. दोन्ही खरं आहे. पण निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नाही, हे बारीक अक्षरात. पक्षकार घरी जातो, भाऊबंद चिथावतात, मग तो अपील करायला येतो आणि ‘मला कोणी सांगितलंच नाही’ म्हणतो. त्याचं बरोबर असतं. ‘सही करण्याआधी घरच्यांशी बोला, नंतर अपील नाही’ हे वाक्य पत्रकात तारखेच्या शेजारीच टाका.

अफवांचंही तसंच. फेब्रुवारी २०२३ मध्ये राज्य सरकारनं वाहतुकीच्या थकीत दंडावर ५० टक्के सूट दिली होती, लोकअदालतीच्या निमित्तानं. तेव्हापासून दर लोकअदालतीला फोन येतात, “मॅडम, दंड अर्धा केव्हा?” सूट सरकारच्या आदेशानं येते, लोकअदालतीत आपोआप मिळत नाही. हे आधीच सांगून टाकावं, नाहीतर त्या शनिवारी सकाळी चलनाचे कागद घेतलेली रांग जिन्यावर आणि तडजोडीला आलेली माणसं गेटबाहेर. तडजोड न होण्यासारखे गुन्हे लोकअदालतीत येत नाहीत, हेही त्याच दमात सांगायचं.

चूक होऊन गेली तर

होणारच. वेळ बघा. दुपारी लक्षात आलं तर डेस्कला फोन करा, कोणती ओळ चुकली आणि बरोबर ओळ कोणती एवढंच सांगा. पूर्ण प्रेसनोट नव्यानं पाठवली तर उपसंपादक जुनीच लावण्याची शक्यता जास्त, हे मी टेबलाच्या त्या बाजूला बसून पाहिलंय. सुधारित प्रतीवर ‘सुधारित’ आणि वेळ लिहा. फाईलवर टिपण ठेवा: चूक काय, कोणाच्या लक्षात आली, काय केलं. शिपायावर किंवा टायपिस्टवर ढकलू नका. सही तुमची आहे.

आणि छापील कागद परत गोळा करा. हे कोणी करत नाही. ‘उचित’वालं पत्रक आम्ही रद्द केलं, नवीन छापलं, वाटलं. दीडेक वर्षानं जांबोटीच्या वाटेवर एका पंचायतीच्या भिंतीवर जुनंच चिकटलेलं सापडलं. ‘उचित’वर बॉलपेननं काट मारून वर कोणीतरी ‘फुकट’ लिहिलं होतं. ते मी काढलं नाही. शेजारी नवीन लावलं, आणि वाटपाच्या रजिस्टरला ‘जुने काढले का?’ असा एक रकाना वाढवला.