बोर्नमथला निघताय? आधी कॅम्पस कोणता ते बघा

पासपोर्ट, मार्कशीट, आयईएलटीएस यांबद्दल सांगत बसत नाही. त्यांच्या झेरॉक्स घरच्यांनी एव्हाना दोन-दोनदा काढून ठेवल्या असतील. ज्याकडे कोणी बघत नाही तिथूनच सुरुवात करतो. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या बोर्नमथ युनिव्हर्सिटीचे कॅम्पस दोन आहेत, टॅल्बट आणि लॅन्सडाउन, आणि ते एकमेकांना लागून नाहीत. तुमचे वर्ग कुठे भरणार हे कळल्याशिवाय घर घेऊ नका. मी घेतलं होतं. बॉस्कमला, समुद्राच्या जवळ, भाडं कमी, फोटो झकास. वर्षभराच्या करारावर इथूनच सही करून मोकळा झालो. वर्ग निघाले टॅल्बटला, म्हणजे गावाच्या पार दुसऱ्या अंगाला. नाशिक रोडला राहून सातपूरला कॉलेज करण्यातली गत. सकाळी वॉलिसडाउन रोड तुंबलेला, पावसात बस भरून आली तर पुढची येईपर्यंत थांब्यावर उभं राहायचं, आणि करार मध्येच सोडायचा तर जागी दुसरा भाडेकरू मलाच शोधून द्यायचा होता.

यात गंमत अशी की टॅल्बट कॅम्पस मुळात बोर्नमथ गावात नाहीच. पत्ता वाचा: फर्न बॅरो, पूल. पूल हे शेजारचं गाव. 2019 पासून दोन्ही एकाच नगरपालिकेत आहेत, पण नकाशावर नुसतं बोर्नमथ टाकलं की खूण समुद्रकाठच्या पिअरपाशी, म्हणजे धक्क्यापाशी, जाते आणि माणसाला वाटतं, कॉलेज इथेच कुठेतरी असेल. तसं नाही. लॅन्सडाउन गावात आहे, रेल्वे स्टेशनपासून चालत जाता येतं. नर्सिंग, मिडवाइफरी आणि आरोग्याचे विषय तिथल्या बोर्नमथ गेटवे इमारतीत चालतात. ॲनिमेशन, मीडिया, कम्प्युटिंग हे टॅल्बटला. तरीही माझ्या सांगण्यावर जाऊ नका आणि ऑफर लेटरवरही विसंबू नका. विभागाला सरळ मेल टाका: वर्ग कोणत्या कॅम्पसवर, आठवड्यातून किती दिवस? उत्तर हातात पडलं की मगच भाड्याच्या जाहिराती उघडा. टॅल्बटवाल्यांनी विंटन बघावं, विद्यार्थी तिथेच जास्त राहतात. चार्मिन्स्टरही चालेल. लॅन्सडाउनवाल्यांनी लॅन्सडाउनच्याच आसपास. गावातल्या हॉस्टेलमध्ये राहून टॅल्बटला जायचं असेल तर युनिबस (युनिव्हर्सिटीची बस) आहे, फक्त रोजचा वेळ आधीच धरून ठेवा. आणखी एक फसगत: टॅल्बटला चिकटूनच आर्ट्स युनिव्हर्सिटी बोर्नमथ आहे. ती वेगळी संस्था. टॅक्सीवाल्याला नाव पूर्ण सांगा.

आता व्हिसा. फी आणि राहण्याच्या खर्चाचे पैसे खात्यात सलग 28 दिवस असावे लागतात आणि त्या 28 दिवसांचा शेवटचा दिवस अर्जाच्या आधीच्या 31 दिवसांत यावा लागतो. एक दिवस जरी शिल्लक खाली गेली तरी मोजणी पहिल्यापासून. खातं तुमचं किंवा आई-वडिलांचं. काकांचं, आजोबांचं चालत नाही, मग आजोबा कितीही दिलदार असोत. शेअर, म्युच्युअल फंड, पीएफ धरत नाहीत. मान्यताप्राप्त बँकेचं शैक्षणिक कर्ज चालतं. वडिलांच्या किंवा आईच्या खात्यावर दाखवणार असाल तर त्यांचं संमतिपत्र आणि तुमचा जन्मदाखला लागतो, आणि आपल्याकडे घोळ होतो तो इथे. दाखल्यावर आईचं माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, बँकेत तिसरंच. हे जुळवायला महानगरपालिकेत हेलपाटे पडतात, तेव्हा आजच बघा. दाखला नुसता मराठीत असेल तर प्रमाणित भाषांतर जोडा. टीबीची तपासणी ब्रिटिश सरकारने ठरवून दिलेल्या केंद्रांतच करायची, ओळखीच्या डॉक्टरांचा एक्स-रे चालत नाही. टीबीचा दाखला सहा महिनेच चालतो, म्हणून फार लवकरही करू नका. व्हिसा आता ऑनलाइन असतो. व्हिसाचं ऑनलाइन खातं उघडून, त्यावर आपलं नाव आणि पासपोर्ट नंबर बरोबर आहे ना, ते विमानात बसायच्या आधी तपासा.

घराच्या कराराचं पुन्हा सांगतो. आधी कॅम्पस, मग करार. खासगी घरमालक बहुधा इंग्लंडमधला जामीनदार मागतात. तुमचा तिथे कोणी नसेल तर पहिल्या वर्षी हॉस्टेल किंवा युनिव्हर्सिटीमार्फत मिळणारी खोलीच बरी. चार-पाच जणांनी मिळून एकच करार केला असेल तर एकाने भाडं थकवल्यावर बाकीच्यांच्या मागे लागतात, हे सही करताना कोणी सांगत नाही. डिपॉझिट साधारणपणे पाच आठवड्यांच्या भाड्याच्या वर घेता येत नाही आणि ते सरकारमान्य योजनेत जमा करावं लागतं, त्याची पावती मागा. खोली ताब्यात घेताना भिंतीवरच्या बुरशीचे फोटो काढून त्याच दिवशी मेल करा. समुद्राजवळच्या जुन्या घरांत ती असतेच. घरात सगळे पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर कौन्सिल टॅक्स (तिथली घरपट्टी) माफ असतो, पण त्यासाठी युनिव्हर्सिटीचं पत्र द्यावं लागतं. नाहीतर बिल येतं.

बॅगेत तूप, पेढे, बर्फी, चीज काही टाकू नका. भारतातून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, विमानतळावर काढून घेतात आणि आईने रात्र जागून केलेलं डब्यासकट कचऱ्यात जातं. मसाले, डाळी न्या. कुकर नेणार असाल तर स्टीलचा, शेगडी इंडक्शनची निघाली तर ॲल्युमिनियमचा नुसता बसून राहतो. फोडणी देताना पंखा चालू आणि स्वयंपाकघराचं दार बंद, नाहीतर मोहरी तडतडायच्या आत धुराचा अलार्म वाजतो आणि सगळं हॉस्टेल पायजम्यावर रस्त्यात. तिथला प्लग तीन चौकोनी पायांचा, आपला बसत नाही. छत्री नको, वारा उलटी करतो. टोपीचं जॅकेट घ्या.

हीथ्रो विमानतळावरून थेट कोच, म्हणजे लांब पल्ल्याची बस, मिळते. लंडनमध्ये थांबणार असाल तर वॉटर्लूवरून रेल्वे, साधारण दोन तास. दोन्ही बोर्नमथ स्टेशनपाशी सोडतात, म्हणजे लॅन्सडाउनच्या बाजूला. टॅल्बटवाल्यांना तिथून पुढे बस. आता कळलं ना कॅम्पस का विचारत होतो?

बाकी थोडक्यात. पोचल्यावर जीपीकडे (तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे) नोंदणी करा, आरोग्याचा सरचार्ज व्हिसाबरोबरच भरलेला असतो. सत्र चालू असताना पदवी-मास्टर्सवाल्यांना आठवड्याला 20 तासांच्या वर काम नाही, आणि तास आठवड्याचे मोजतात, सरासरी नाही. डिसेंबरात चारच्या सुमाराला अंधार पडतो. समुद्रात उतरायचं तर लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्येच, आणि लाल झेंडा असेल तर अजिबात नाही.