घरी वाफेने दागिने साफ करायचेत? आधी आत लाख आहे का ते बघा

आमच्या आत्याची बोरमाळ, चांगली चाळीस वर्षं जुनी, घाम आणि पावडर बसून बसून मातकट झालेली. मी म्हटलं दे इकडे, कपड्यांचा स्टीमर आहे घरात, पाच मिनिटांचं काम. तिसऱ्या झोताला मण्यांच्या भोकातून तपकिरी चिकट काहीतरी बाहेर यायला लागलं. आत्या बघतेय माझ्याकडे, मी बघतेय मण्यांकडे. ती लाख होती. मणी आतून पोकळ असतात, सोन्याचा पत्रा पातळ असतो, तो चेपू नये म्हणून आत लाख भरतात, आणि लाख ७५-८० डिग्रीला वितळते, मऊ तर त्याच्या आधीच पडते. वाफ १०० डिग्रीची. म्हणजे चूक शंभर टक्के माझीच.

तर वाफ मारायला काही अक्कल लागत नाही, कशाला मारायची नाही हे ठरवायलाच लागते. आपल्याकडचे निम्मे पारंपरिक दागिने त्या "नाही"मध्येच येतात.

बोरमाळ, कोल्हापुरी साज, जुने गोठ, ठुशी, यात लाख असण्याची शक्यता भरपूर, त्यामुळे खात्री नसेल तर आहे असंच धरून चला. कुंदन आणि पोलकीच्या मागेही लाखच असते. मंगळसूत्राच्या वाट्या भरीव आहेत की भरलेल्या ते सोनाराला विचारून घ्या. जुनी पावती सापडली तर त्यावर ग्रॉस वेट आणि नेट वेट बघा, दोन्हीत फरक असेल तर तेवढं वजन सोन्याचं नाहीये, खड्यांचं आहे नाहीतर लाखेचं. खडे तर दिसतातच डोळ्याला, न दिसणारा फरक असेल तर समजून जायचं.

मोत्याला वाफ अजिबात नाही. नथ, तन्मणी, चिंचपेटी, कुड्या सगळं बाजूला. मोती हा दगड नाही, शिंपल्यातल्या प्राण्याने थरावर थर चढवून केलेली वस्तू आहे, उष्णतेने त्याची चमक जाते आणि ती परत येत नाही. पोवळं, ओपल, फिरोजा यांनाही तेच. पाचूचं वेगळंच प्रकरण, त्यात बारीक भेगा असतातच आणि त्या झाकायला तेल मुरवलेलं असतं, वाफेने ते तेल निघालं की काल हिरवागार दिसणारा खडा आज तडकल्यासारखा दिसतो. स्वस्तातल्या माणकांच्या भेगांत काच भरलेली असते, तेही नको. चिकटवलेले खडे, एक ग्रॅमवाले, पॉलिश चढवलेले, दोऱ्यात ओवलेले काहीही नको. आणि चांदी काळी पडली असेल तर तो काळेपणा मळ नसतोच, चांदीची गंधकाशी झालेली रिअॅक्शन असते, वाफेने ढिम्म हलत नाही.

मग राहिलं काय? साध्या भरीव सोन्याच्या बांगड्या, चेन, अंगठ्या, आणि हिऱ्याचे दागिने ज्यात खडा पंज्यात धरलेला असतो आणि मागून उघडा असतो. वाफेचा खरा फायदा इथेच आहे. हिऱ्याला तेलकटपणा फार पटकन चिकटतो, खाणीत हिरे वेगळे करायला ग्रीस लावलेली टेबलं वापरायचे ते याच गुणामुळे. क्रीम, साबण, कणीक, तूप सगळं खड्याच्या मागे जाऊन बसतं आणि तिथे ब्रश पोचत नाही. वाफ पोचते.

आता करायचं कसं. आधी खडा हलतोय का बघा, अंगठी कानाशी धरून हलकेच टिचकी मारा, खुळखुळ आवाज आला तर थांबा आणि सोनाराकडे जा, कारण कधीकधी तो मळच खड्याला धरून बसलेला असतो. मग वाटीत कोमट पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब, त्यात १५-२० मिनिटं भिजवा. रिठ्याचं पाणी असेल तर तेही छान, सोनार लोक पूर्वीपासून तेच वापरतात. लहान मुलांच्या मऊ ब्रशने मागच्या बाजूने घासा. टूथपेस्ट नको, त्यातली पावडर खरखरीत असते आणि २२ कॅरेट सोनं मऊ, ओरखडे पडतात. ब्लीच तर जवळपासही नको. चहाच्या गाळणीत ठेवून धुवा, आणि बेसिनला बूच लावा हो, हे मी दोनदा सांगेन, बूच लावा.

स्टीमरमध्ये आरओचं किंवा डिस्टिल्ड पाणी घाला, बोअरचं घातलं तर नळी क्षारांनी चोंदते आणि खड्यावरही पांढरे डाग राहतात. सुरुवातीला तो गरम पाणी थुंकतो, ते थांबेपर्यंत पहिले काही झोत रिकाम्या बेसिनमध्ये सोडा. दागिना चिमट्यात घट्ट धरा, बोटात कधीच नाही, सोनं सेकंदात तापतं. कानातलं तर झोताने उडतं, त्यासाठी खाली जाड टॉवेल अंथरा. दोन-तीन इंचावरून, मागच्या बाजूने, दोन-तीन सेकंदांचे छोटे झोत, मध्ये थांबत थांबत. चार-पाच झोतांत नाही निघालं तर परत भिजवा, वाफ वाढवू नका. सोनाराच्या मशीनला प्रेशर कितीतरी जास्त असतं, आपल्या स्टीमरला नाही, त्यामुळे अर्ध्याहून जास्त काम भिजवण्यानेच होतं. आणि तापलेला दागिना लगेच गार पाण्यात टाकायचा नाही, खडा तडकू शकतो.

कुकरच्या शिट्टीखाली अंगठी धरा असं कोणी सांगितलं तर हात जोडा त्यांना. नळीच्या अगदी तोंडाशी वाफ दिसतसुद्धा नाही, पांढरं दिसतं ते थंड होत चाललेलं धुकं, आणि न दिसणारी ती वाफच जास्त भाजते. भाजलंच तर नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटं हात धरा, हळद-टूथपेस्ट काही लावू नका.

कुकरवरून आठवलं, दारावर येऊन "दागिने पॉलिश करून देतो" म्हणणारे असतात ना, ते दागिने द्रावणात बुडवतात, सोनं त्यात विरघळतं, किंवा हातचलाखीने गायबच करतात, आणि आपल्याला सांगतात की हळद घालून कुकरमध्ये ठेवलंय, थोड्या वेळाने उघडा. दार उघडूच नका.

झालं की जुन्या सुती साडीच्या तुकड्याने टिपा, तासभर पंख्याखाली ठेवा आणि मगच डबीत. हिऱ्याची अंगठी वेगळ्या कापडात गुंडाळा, बांगड्यांवर ओरखडे तीच पाडते.

आत्याची बोरमाळ सोनाराने परत लाख भरून नीट करून दिली. मळ मात्र त्याने माझ्यासमोर रिठ्याच्या पाण्याने आणि ब्रशने काढला, दहा मिनिटांत.