आजारपणात कामावर जावे की नाही, हे कसे ठरवावे

पावसाने जोर धरला की वेर्णा आणि कुंडईच्या कारखान्यांत, पणजीच्या कचेऱ्यांत आणि किनाऱ्यावरच्या हॉटेलांत खोकणाऱ्यांची संख्या वाढते. चवथ जवळ आलेली असली, तर शिल्लक रजा सणासाठी राखून ठेवलेली असल्यामुळे तिला हात लावण्याची कोणाची तयारी नसते. मग ‘गोळी घेऊन जाऊन येतो’ असे म्हणत माणूस सकाळच्या घाईत घराबाहेर पडतो. हा निर्णय शक्यतो आदल्या रात्रीच घ्यावा, म्हणजे वरिष्ठांना पाळीवर दुसरा माणूस लावण्यास वेळ मिळतो आणि बस चुकण्याच्या धास्तीने आपलाही तोल जात नाही.

सर्वांत आधी ताप मोजावा, आणि तो पॅरासिटामॉल घेण्यापूर्वी मोजावा. पारा १००.४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून वर असेल, तर घरी राहावे. गोळीचा परिणाम साधारणपणे चार ते सहा तास टिकतो. त्यामुळे सहाच्या बसमध्ये ठीक वाटणाऱ्या माणसाला अकराच्या सुमारास यंत्रासमोर उभा असतानाच पुन्हा हुडहुडी भरते. शिवाय फोंड्याहून वेर्ण्याला निघालेल्या कंपनीच्या बसच्या काचा पावसामुळे बंद असतात, आणि फ्लूचा रुग्ण लक्षणे दिसण्याच्या एक दिवस आधीपासून पुढे पाच ते सात दिवस संसर्ग पसरवू शकतो. म्हणून गोळी न घेता पूर्ण २४ तास ताप आलेला नसेल आणि बाकीची लक्षणेही ओसरत असतील, तरच कामावर परतावे, हा नियम बहुतेक आजारांत पुरेसा ठरतो.

डेंग्यूला मात्र हा नियम लावू नये. डेंग्यू एका माणसाकडून दुसऱ्याला थेट लागत नाही, त्यामुळे ताप उतरताच कामावर जाण्यास हरकत नाही असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात या आजारातला धोक्याचा काळ ताप उतरण्याच्या सुमारासच, म्हणजे साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान सुरू होतो. पोटात तीव्र वेदना, थांबत नसलेली उलटी, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, कमालीची अस्वस्थता यांपैकी काहीही दिसले, तर रजेचा विचार बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठावे. पावसाळ्यातल्या तापावर अंगदुखी थांबावी म्हणून आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन स्वतःच्या मनाने घेऊ नये, कारण डेंग्यू असल्यास त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. शेतात, बागायतीत किंवा साचलेल्या पाण्यात काम करणाऱ्याने ताप आल्यावर डॉक्टरांना आपले काम आवर्जून सांगावे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसची, म्हणजे उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून किंवा चिखलातून होणाऱ्या तापाची, शंका वेळीच घेतली जाते.

तापानंतरचा प्रश्न कामाच्या स्वरूपाचा आहे, आणि गोव्यात तो विशेष महत्त्वाचा आहे, कारण येथे असंख्य लोकांची रोजीरोटी दुसऱ्यांना जेवू घालण्यावर चालते. अन्नव्यवसायांच्या परवान्यासंबंधीच्या २०११ च्या केंद्रीय नियमांनुसार कावीळ, जुलाब, उलट्या, ताप, तापासह घसादुखी किंवा त्वचेवर पिकलेली जखम असलेल्या माणसाने अन्न हाताळणे वर्ज्य आहे. जुलाब-उलट्या थांबल्यानंतरही ४८ तास स्वयंपाकघरात जाऊ नये. या यादीतली सर्वांत दुर्लक्षिलेली बाब म्हणजे बोटावरचे गळू. ते घेऊन कोणी न्याहारीसाठी शिजवलेल्या बटाट्यांच्या साली काढत बसला, तर त्यातले स्टॅफिलोकोकस जंतू अन्नात वाढून जे विष तयार करतात, ते भाजी पुन्हा गरम केली तरी नष्ट होत नाही. अशा वेळी हातमोजा घालून वेळ मारून नेण्यापेक्षा व्यवस्थापकाकडे अन्नाशी संबंध नसलेले काम मागावे.

कांजिण्यांत सर्व फोडांवर खपल्या धरेपर्यंत घरी राहावे. डोळे आले असतील, तर चिकटा थांबेपर्यंत अंगणवाडी, शाळा किंवा सलून अशा ठिकाणी जाऊ नये. ताप नसलेल्या साध्या सर्दीत मास्क लावून जाण्यास हरकत नाही. फक्त सर्दीच्या काही गोळ्यांनी झोप येते, तेव्हा त्या घेऊन दुचाकी, टिप्पर किंवा क्रेन चालवू नये.

हे सारे माहीत असूनही लोक आजारी अंगाने कामावर जातात ते पगार कापला जाईल या भीतीने, आणि ती भीती निराधार नाही. म्हणून आपला हक्क आजारी पडण्याआधीच समजून घ्यावा. कामगार राज्य विमा योजनेत असलेल्या, म्हणजे सर्वसाधारणपणे २१,००० रुपयांपर्यंत मासिक वेतन असलेल्या कामगाराला, सहा महिन्यांच्या अंशदान कालावधीत किमान ७८ दिवसांचे अंशदान, म्हणजे विम्याची वर्गणी, भरलेले असल्यास, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के आजारपण भत्ता मिळतो. पहिले दोन दिवस सहसा धरले जात नाहीत. खासगी डॉक्टरची चिठ्ठी कंपनीला चालली, तरी या भत्त्यासाठी विमा दवाखान्यातील वैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला लागतो, त्यामुळे तेथे पहिल्याच दिवशी जावे. कंत्राटदाराकडे काम करणाऱ्यानेही आपल्या नावाचा विमा क्रमांक निघाला आहे का, हे आजच विचारून ठेवावे. सरकारी कर्मचाऱ्याच्या खात्यात वर्षाला २० दिवसांची अर्धवेतनी रजा जमा होते आणि वैद्यकीय दाखल्यावर ती परिवर्तित रजा म्हणून पूर्ण वेतनाने घेता येते. मात्र एका दिवसासाठी दोन दिवस वजा होतात.

रजा कळवताना आजाराची लांबलचक कहाणी सांगू नये. ‘सर, आज रात्री १०१ ताप आहे, उद्या सकाळच्या पाळीला येऊ शकणार नाही. डॉक्टरांकडे जाऊन दुपारपर्यंत पुढचे कळवतो. पॅकिंगची नोंदवही कपाटात वरच्या खणात ठेवली आहे,’ एवढा मजकूर पुरतो. शेवटच्या वाक्यामुळे आपल्या जागी येणाऱ्याची शोधाशोध वाचते. संदेश पाठवल्यावर तो पाहिला गेला नाही, तर फोन करावा, आणि संदेश पुसू नये, कारण पुढे गैरहजेरीवरून वाद झाला तर वेळेवर कळवल्याचा तोच पुरावा असतो.

परतताना सरकारी कर्मचाऱ्याने वैद्यकीय रजेनंतर तंदुरुस्तीचा दाखला सोबत न्यावा, कारण त्याशिवाय रुजू करून घेतले जात नाही. कारखान्यात शक्य असल्यास पहिले एक-दोन दिवस रात्रपाळी आणि जड उचलण्याचे काम बदलून मागावे. खोकला रेंगाळत असेल तर बसमध्ये मास्क ठेवावा, आणि तो दोन आठवड्यांहून अधिक टिकला तर जवळच्या आरोग्य केंद्रात थुंकीची तपासणी करून घ्यावी.