स्तनाच्या कर्करोगातील नॉन-कोडिंग आरएनएवरचा शोधनिबंध कसा वाचावा

नॉन-कोडिंग आरएनए म्हणजे ज्यापासून प्रथिन बनत नाही असा आरएनए. निबंधात प्रथम अशा रेणूचा प्रकार पाहावा. सुमारे २२ न्यूक्लिओटाइड (आरएनएच्या साखळीतील एकेक घटक) लांबीचा मायक्रोआरएनए प्रथिनाची माहिती वाहून नेणाऱ्या संदेशवाहक आरएनएला जोडला जाऊन प्रथिननिर्मिती रोखतो, तर २०० हून अधिक न्यूक्लिओटाइडांच्या लांब आरएनएची कार्यपद्धती एकसारखी नसते. उदाहरणार्थ, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार हॉटेअर हा लांब आरएनए जनुके बंद करणाऱ्या पीआरसी२ या प्रथिनसंकुलाला जनुकसंचातील वेगळ्या जागांकडे वळवून कर्करोगाच्या प्रसाराला हातभार लावतो.

त्यानंतर, आणि माझ्या मते हीच सर्वांत महत्त्वाची पायरी आहे, रेणूचे प्रमाण वाढलेले आढळणे आणि तो रेणू आजाराला कारणीभूत असणे यांत भेद करावा. मायक्रोआरएनए-२१ हा पीटेन या अर्बुदरोधक (गाठ वाढू न देणाऱ्या) जनुकाला दाबतो असा दावा असेल, तर तो रेणू निष्प्रभ केल्यावर पीटेनची पातळी वाढली का, आणि पीटेनच्या आरएनएवरील बंधनस्थळ (मायक्रोआरएनए जिथे जोडला जातो ती जागा) बदलल्यावर परिणाम नाहीसा झाला का, हे शोधावे.

कर्करोगाचे उपप्रकार वेगळे मोजले आहेत का, तेही पाहावे. चाचणी रक्तावर आधारित असेल, तर नमुन्यातील तांबड्या पेशी फुटल्या होत्या का, याची नोंद आवर्जून तपासावी. त्या पेशींतून मायक्रोआरएनए-४५१ आणि मायक्रोआरएनए-१६ बाहेर पडतात, आणि यांपैकी दुसरा अनेकदा तुलनेचा आधार म्हणून वापरला जात असल्याने सगळीच मोजमापे चुकू शकतात.